समजून घ्या : कमला सोहोनी यांचे अर्धे संशोधन सर्चमध्ये का सापडत नाही?

डाळी, वाल आणि नीरा यांवर आयुष्यभर काम करणाऱ्या मराठी शास्त्रज्ञाची गोष्ट. आणि तिचे मूळ निबंध कॉलेजच्या ग्रंथालयातून, मोबाइलवरच कसे शोधायचे याची सोपी पद्धत

सोयाबीन घरात आले की असा एखादा मेसेज तुम्हालाही आला असेल. घरचे सोयाबीन थेट चक्कीवर दळून आणा, गव्हाच्या पिठात मिसळा, मुलांना भरपूर प्रोटीन मिळेल. खाली कुणातरी डॉक्टरचे नाव आणि वर फॉरवर्डची खूण. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे मोठे पीक असल्याने हा सल्ला पटकन पटतोही. पण तो खरा आहे का, हे तपासायचे कुठे?

या प्रश्नाच्या उत्तराशी जवळचा संबंध असलेले काम 1950 च्या दशकात मुंबईत झाले. ते करणाऱ्या शास्त्रज्ञ होत्या डॉ. कमला सोहोनी. वालाच्या दाण्यावरचा त्यांचा निबंध 1955 मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. तो शोधायला मुंबईला जावे लागत नाही. चिखली, मेहकर, खामगाव किंवा मलकापूरच्या विद्यार्थ्यालाही तो फोनवर शोधता येतो.

अडचण एकच आहे. डेटाबेसमध्ये फक्त सोहोनी हे आडनाव टाकले, तर त्यांच्या कामाचा मोठा भाग समोर येतच नाही. असे का होते, ते त्यांच्या आयुष्यातूनच समजते.

कमला सोहोनी कोण होत्या?

कमला भागवत यांचा जन्म 1911 मध्ये इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांचेही शिक्षण बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत झालेले. थोरली बहीण म्हणजे लोकसाहित्याच्या अभ्यासक आणि 1975 च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत.

मराठी वाचकाला दुर्गाबाई चांगल्या ठाऊक आहेत. कमलाबाईंचे नाव मात्र अनेकांनी पहिल्यांदा पाहिले ते 18 जून 2023 रोजी, गुगलने त्यांच्या 112 व्या जयंतीनिमित्त डूडल केले तेव्हा.

रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन 1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी परीक्षेत गुणवत्ता यादीत पहिल्या आल्या. वडील आणि काका ज्या संस्थेत शिकले, तिथेच पुढचे संशोधन करायचे त्यांनी ठरवले होते. इतके गुण असताना प्रवेशाची काळजी करण्याचे कारणही नव्हते.

बंगळुरूत प्रवेश का नाकारला गेला?

तेव्हा संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. अर्ज नामंजूर झाला आणि कारण एकच होते : अर्जदार मुलगी होती.

कमलाबाई स्वतः बंगळुरूला गेल्या आणि कारण लेखी मागितले. गांधींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. प्रवेश मिळेपर्यंत संचालकांच्या कचेरीबाहेर बसून राहण्याची तयारी त्यांनी दाखवल्याचे सांगितले जाते. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षा म्हणून. कामाचा दर्जा पटला तरच ते अधिकृत धरले जाणार. शिवाय प्रयोगशाळेतल्या पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये, हीसुद्धा अट.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या, मात्र हा अपमान त्या विसरल्या नाहीत. उतारवयात महिला शास्त्रज्ञांपुढे बोलताना त्यांनी तो उघडपणे सांगितला. वर्षभरात रामन यांचे मत बदलले आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला.

बंगळुरूत त्यांनी नेमके काय केले?

एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केले. गरीब घरात प्रथिने येतात ती मुख्यतः डाळीतून. म्हणून डाळीत नेमके काय आहे, हा प्रश्न पोटापाण्याचा होता.

1935 मध्ये 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये या दोघांचा निबंध आला. विषय होता डाळींतला प्रथिनांव्यतिरिक्तचा नायट्रोजन. ऐकायला कोरडा वाटतो, पण मुद्दा सोपा आहे. एखाद्या धान्यात प्रथिने किती, हे काढताना सहसा त्यातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणतात. मात्र सगळाच नायट्रोजन प्रथिनांचा नसतो. तो वेगळा काढला नाही, तर प्रथिनांचा आकडा आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.

पाकिटावरचे प्रोटीनचे ग्रॅम वाचून खरेदी करणाऱ्या आजच्या ग्राहकालाही हे माहीत असायला हवे. 1936 मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एमएस्सी पदवी मिळवली. निबंधावर नाव होते के. भागवत.

केंब्रिजमध्ये काय घडले?

पुढची शिष्यवृत्ती त्यांना इंग्लंडला घेऊन गेली. केंब्रिज विद्यापीठात त्या वेळी जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. कमलाबाईंनी आधी डेरेक रिक्टर यांच्याबरोबर काम केले. 1938 मध्ये दोघांचा निबंध 'बायोकेमिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला.

नंतर त्या रॉबिन हिल यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. वनस्पती प्रकाशापासून अन्न कसे बनवतात यावरच्या कामामुळे हिल यांचे नाव आजही पाठ्यपुस्तकांत आहे. पेशी श्वसन करताना ऑक्सिजनचा वापर कसा करतात, यात सायटोक्रोम नावाच्या रेणूंची भूमिका असते. प्राण्यांत आणि यीस्टमध्ये त्यावर बरेच काम झाले होते. वनस्पतींमध्येही तीच यंत्रणा आहे का, हा प्रश्न कमलाबाईंनी घेतला. सुरुवात झाली ती बटाट्यापासून.

1939 मध्ये हिल आणि भागवत यांचा निबंध 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी त्यांना पीएचडी मिळाली. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता, असे सांगतात. विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, असा त्यांचा उल्लेख सर्वत्र होतो. मात्र त्याआधी 1931 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी मिळाली होती. म्हणून पहिल्या कोण, हे नेमकी कोणती पदवी मोजता त्यावर ठरते.

परत आल्यावर नाव कसे बदलले?

परदेशात थांबण्याऐवजी त्या 1939 मध्येच भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग त्यांनी सांभाळला. तिथून त्या तमिळनाडूतील कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या.

1947 मध्ये विमागणिती असलेल्या एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. पुढे इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. इथून पुढच्या निबंधांवर नाव येते के. सोहोनी.

डेटाबेसचा गोंधळ इथे सुरू होतो. बंगळुरू आणि केंब्रिजचे काम भागवत या नावावर, मुंबईचे काम सोहोनी या नावावर. त्यातही एक गंमत आहे. रॉबिन हिल यांच्याबरोबर केलेल्या कामाचा सविस्तर निबंध 'न्यू फायटॉलॉजिस्ट'मध्ये 1951 मध्ये, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांनी छापला गेला. त्यावर मात्र जुनेच आडनाव आहे.

संगणकाला ही एकच व्यक्ती आहे हे कळत नाही. त्याच्या लेखी 1930 च्या दशकात भागवत नावाचे कुणी होते आणि 1950 च्या दशकात सोहोनी नावाचे दुसरे कुणी.

वालाच्या दाण्यात काय सापडले?

मुंबईत त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन भारतीय खाद्यपदार्थांवर काम सुरू केले. त्यातला एक मोठा भाग कडधान्यांतील ट्रिप्सिन इनहिबिटरचा होता.

ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून येणारे पाचक द्रव्य. लहान आतड्यात ते प्रथिनांचे तुकडे करते. अनेक कडधान्यांत निसर्गतःच असा घटक असतो, जो ट्रिप्सिनला चिकटून त्याचे काम थांबवतो. त्याला ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. म्हणजे दाण्यात प्रथिने भरपूर असली तरी कच्चा दाणा खाल्ल्यास ती नीट पचत नाहीत.

कमलाबाई आणि के. एस. अंबे यांनी वाल आणि डबल बी यांतून हा घटक स्फटिकरूपात वेगळा केला. त्याचा निबंध 1955 मध्ये 'नेचर'मध्ये आला.

उष्णतेने या घटकाचा मोठा भाग निकामी होतो. वाल रात्रभर भिजवणे, मोड आणणे, सोलून चांगला शिजवणे ही आपल्या स्वयंपाकघरातली पद्धत म्हणूनच कामाची आहे. त्यामागचे रसायनशास्त्र कमलाबाईंच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते.

याचा सोयाबीनशी काय संबंध?

सोयाबीनमध्येही हाच प्रकार आहे, आणि त्यावर तर जगात सर्वाधिक काम झाले आहे. अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखवले की उंदरांना कच्चे सोयाबीन दिले तर त्यांची वाढ नीट होत नाही, शिजवून दिले तर होते. 1945 मध्ये मोझेस कुनित्झ यांनी सोयाबीनमधला ट्रिप्सिन इनहिबिटर स्फटिकरूपात वेगळा केला.

म्हणजे सुरुवातीच्या मेसेजमध्ये एक महत्त्वाची पायरी गाळलेली आहे. सोयाबीनमध्ये प्रथिने भरपूर असतात, हे खरे. पण कच्चे दळून नाही. आधी भिजवून, उकडून किंवा वाफवून, वाळवून मग दळणे योग्य. कोरड्या भाजण्यापेक्षा ओली उष्णता जास्त परिणामकारक ठरते. पोळीत तव्यावर पीठ भाजले जातेच, असे कुणी म्हणेल. पण पोळी तव्यावर काही क्षणच असते. लहान मुलांच्या आहारात नियमित बदल करायचा असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच.

इथे मेसेज आणि निबंध यांतला फरक दिसतो. निबंधात प्रयोग कुणी केला, कशावर केला, किती काळ केला हे लिहिलेले असते. ते तपासता येते आणि चूक असेल तर दाखवताही येते.

नीरेचे काम काय होते?

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेवर संशोधन हाती घेतले. ताडी-माडीच्या झाडाचा ताजा, न आंबलेला रस म्हणजे नीरा. काही तासांत ती आंबते, म्हणून ताजी असतानाच प्यावी लागते. तिच्यात कोणती पोषणद्रव्ये आहेत, आणि आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना व गर्भवतींना तिचा किती उपयोग होतो, हे त्यांनी अनेक वर्षे तपासले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतल्या आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्यांना हा विषय परका नाही. आपल्या भागात सहज मिळणाऱ्या पदार्थातून पोषण कसे वाढेल, हाच तो प्रश्न.

संस्थेच्या संचालकपदासाठी मात्र त्यांना पात्रता असूनही बराच काळ थांबावे लागले. अखेर त्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या कामात त्या उतरल्या, 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष झाल्या आणि संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकात सामान्य ग्राहकासाठी लिहीत राहिल्या.

1998 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार केला. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर काही काळातच त्यांचे निधन झाले.

मग त्यांचे निबंध शोधायचे कसे?

कमलाबाईंच्या काळात निबंध शोधणे म्हणजे जाडजूड सूचीखंड चाळणे. वैद्यकीय लेखांची 'इंडेक्स मेडिकस' ही सूची अमेरिकेत 1879 मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केली. तिचाच संगणकीय वारसा म्हणजे 1971 ची मेडलाइन आणि 1997 पासून सर्वांसाठी मोफत असलेले पबमेड. आता तेच काम फोनवर मिनिटभरात होते. त्यासाठी पाच गोष्टी लक्षात ठेवा.

1. दोन्ही नावे टाका. पबमेडमध्ये आधी आडनाव, मग मोकळी जागा, मग नावाचे पहिले अक्षर. कमलाबाईंसाठी भागवत आणि सोहोनी अशी दोन्ही आडनावे, पुढे के, आणि मध्ये इंग्रजी 'ऑर' हा शब्द कॅपिटलमध्ये. ऑर म्हणजे यांपैकी कोणतेही एक.

2. स्पेलिंग तपासा. दुर्गाबाईंच्या आडनावात इंग्रजीत सहसा 'डब्ल्यू' लिहितात. कमलाबाईंच्या निबंधांवर मात्र 'व्ही' आहे : बी-एच-ए-जी-व्ही-ए-टी. सोहोनीच्या शेवटी आय आणि ई ही दोन्ही अक्षरे आहेत. एका अक्षराने निकाल शून्यावर येऊ शकतो.

3. पदार्थाचीही सगळी नावे टाका. माणसाप्रमाणे झाडांचीही नावे बदलतात. वालाला इंग्रजीत फील्ड बीन, हायसिंथ बीन, इंडियन बीन अशी नावे आहेत. जुन्या निबंधांत त्याचे शास्त्रीय नाव डोलिकॉस लॅबलॅब, तर नव्या निबंधांत लॅबलॅब पर्प्युरियस. एकच नाव टाकले तर जुने किंवा नवे यांपैकी एक गट हातून सुटतो. पबमेड 'मेश' या विषयसूचीच्या मदतीने काही समानार्थी शब्द स्वतःच जोडते, पण सगळेच जोडते असे नाही.

4. विषय अरुंद करा. नुसते सोयाबीन टाकले तर निकालांचा पूर येतो. सोयाबीन, ट्रिप्सिन इनहिबिटर आणि हीटिंग हे शब्द 'अँड'ने जोडा. अँड म्हणजे हे सगळे एकत्र हवेत. मग डावीकडच्या किंवा फोनवर फिल्टरच्या यादीतून रिव्ह्यू निवडा. एखाद्या विषयावर आजवर काय झाले, याचा एकत्रित आढावा रिव्ह्यूमध्ये मिळतो. नवख्या वाचकाने सुरुवात तिथूनच करावी.

5. एका निबंधावरून दुसऱ्यावर जा. निबंधाच्या शेवटी असलेली संदर्भयादी मागे नेते. गुगल स्कॉलरमधली 'साइटेड बाय' ही लिंक पुढे नेते, म्हणजे हा निबंध नंतर कुणी वापरला ते दाखवते. वालाच्या 1955 च्या निबंधावरून आजच्या अभ्यासापर्यंत यायचा रस्ता हाच.

एक सूचना. पबमेडमध्ये सगळेच जुने निबंध नाहीत. 'बायोकेमिकल जर्नल'चे 1935 आणि 1938 चे अंक पबमेड सेंट्रलवर पूर्ण आणि मोफत वाचता येतात. 1939 चा 'नेचर'मधला निबंध पबमेडमध्ये दिसला नाही, तर गुगल स्कॉलर किंवा 'नेचर'च्या संग्रहात शोधा.

पूर्ण निबंध उघडत नसेल तर?

नाव आणि सारांश दिसतो, पण पुढे पैसे मागितले जातात, हा अनुभव सगळ्यांचाच. त्यासाठी थेट पैसे भरू नका. आधी कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही सेवा मुख्यतः सरकारी आणि अनुदानित कॉलेजांसाठी आहे. कॉलेज सदस्य असेल तर विद्यार्थ्याला स्वतःचा युजरनेम आणि पासवर्ड मिळतो आणि तो घरूनही चालतो. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनी आपले कॉलेज सदस्य आहे का, हे एकदा विचारून घ्यावे.

केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना 1 जानेवारी 2025 पासून सुरू झाली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 प्रकाशक आणि सुमारे 13,000 नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. ती केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. खासगी शिक्षण संस्थेचे कॉलेज असेल, तर ते यादीत आहे का, ते तपासावे लागेल.

कॉलेज संपले असेल किंवा लॉगिन नसेल, तरी दारे बंद नाहीत. पबमेड सेंट्रल सर्वांना मोफत आहे. भारतीय विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध 'शोधगंगा'वर कुणालाही वाचता येतात. तिथे बुलढाणा, लोणार किंवा सोयाबीन असे शब्द टाकून पाहा. आपल्याच भागावर किती काम झाले आहे, ते दिसेल.

इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत या लेखकाने ग्रंथालयाचे लॉगिन वापरले ते फक्त प्रोजेक्ट रिपोर्टच्या शेवटच्या आठवड्यात. ती सवय पहिल्याच वर्षी लागली असती, तर आज बातमी तपासताना रोजचा बराच वेळ वाचला असता.

नाव बदलण्याचा प्रश्न आज सुटला आहे का?

अंशतः. 2012 मध्ये ऑर्किड ही आंतरराष्ट्रीय सेवा सुरू झाली. ती प्रत्येक संशोधकाला 16 अंकी कायमचा क्रमांक देते. नाव, आडनाव, शहर, कॉलेज काहीही बदलले तरी क्रमांक तोच राहतो आणि सगळे निबंध त्याला जोडता येतात. नोंदणी मोफत आहे, दहा मिनिटांत होते आणि आधीची नावेही त्यात लिहिता येतात.

एमएस्सीला असताना माहेरच्या नावाने निबंध लिहिलेल्या आणि नंतर सासरच्या नावाने प्राध्यापक झालेल्या महिला आपल्या जिल्ह्यातही असतील. नेमणूक, बढती किंवा पीएचडी मार्गदर्शक म्हणून मान्यता यांसाठी निबंधांची यादी द्यावी लागते. अर्धे निबंध दुसऱ्याच नावावर असतील, तर ते आपलेच असल्याचा पुरावा जमवत बसावे लागते. मराठी नावांत आणखी एक घोळ होतो. कुणी वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मध्ये लिहिते, कुणी गाळते, कुणी आडनाव आधी लिहिते. त्यामुळे पहिला निबंध पाठवण्याआधीच ऑर्किड क्रमांक काढून ठेवणे शहाणपणाचे.

कमलाबाईंना ही सोय नव्हती. त्यांच्या दोन नावांमधला दुवा कोणत्याही यंत्राने नाही, तर त्यांचे आयुष्य माहीत असलेल्या माणसांनी जपला. प्रवेश नाकारल्याचा किस्सा आज बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. ज्या कामासाठी त्यांनी तो प्रवेश झगडून मिळवला, ते काम मात्र फार थोडे लोक उघडून पाहतात.

ते पाहायला आज फार काही लागत नाही. 1935 चा डाळींवरचा निबंध पाच पानांचा आहे आणि मोफत आहे. पुढच्या वेळी कडधान्यांवरचा एखादा मेसेज पुढे ढकलण्याआधी सर्च बॉक्समध्ये दोन्ही आडनावे टाकून पाहा. विज्ञान शाखेतल्या मुला-मुलींना तर ही पहिली सरावाची पायरी म्हणून चांगली : एक व्यक्ती, दोन नावे, आणि दोन्ही नावांवरचे सगळे काम एका यादीत.